झाडाला माझं नाव नको

मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या खांद्यावर शाल घातली आणि मी ती तिथल्या तिथे काढून, घडी घालून टेबलावर ठेवली, हे शुगर लँडमधल्या सगळ्या मराठी घरांत आता माहीत आहे. बाई शिष्ट आहे, असं ठरलंही आहे. ठरू दे. पण का काढली, हे मला एकानेही विचारलं नाही. उलट न विचारताच दोघीतिघींनी मला समजावून सांगितलं, म्हणून लिहायला बसले आहे. एका झुडपाला माझं नाव द्यायचं ठरलं होतं. मला ते नको होतं. त्या झुडपाचं वर्णन मी केलं होतं, आणि मला त्या वर्णनाखाली माझी सही हवी होती. एवढीच भानगड.

मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. पहिल्या वर्गात, हेही सांगते, कारण ते सांगायची वेळ इतक्या वर्षांत माझ्यावर फारशी आलेली नाही. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागोमाग टेक्सासला आले. नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनियर. माझा व्हिसा असा होता की त्यावर स्वयंपाक करायला परवानगी होती, नोकरी करायला नव्हती. पुढे ग्रीन कार्ड आलं तेव्हा पदरात मुलगी होती, आणि जुन्या भारतीय डिग्रीला इथे कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. एका शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावायचं काम मिळालं, ते निवृत्त होईपर्यंत केलं. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती आज काढत नाही.

निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी योगाच्या क्लासला जायला लागल्या, मी हर्बेरियममध्ये जायला लागले. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं कपाट. एक नाही, शेकडो कपाटं. घरापासून दीड तासाच्या ड्राइव्हवर एका विद्यापीठाच्या तळघरात ते आहे. ऑगस्टात बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही आणि आत मी स्वेटर घालून बसते. मंगळवार आणि गुरुवार माझे. काम फुकटचं, व्हॉलंटियरचं. दाबून वाळवलेली फांदी जाड पांढऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायची, उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं, गळून पडलेली फुलं कागदाच्या छोट्या पाकिटात घालून ते पाकीट शेजारीच डकवायचं. फांदी जाड असेल तर सुईदोऱ्याने टाके घालायचे. गोधडीचे टाके ज्या हाताला येतात त्याला हे काही अवघड नाही. माझे कागद तिथे सगळ्यांत नीट असतात, हे तिथल्या प्रमुखानेच, म्हणजे क्युरेटरनेच, सांगितलेलं आहे.

त्या जगातली एक पद्धत मला पहिल्याच महिन्यात फार आवडली. कागदावर आधी कुणी लिहिलेलं झाडाचं नाव एखाद्या तज्ज्ञाला पटलं नाही, तर तो ते खोडत नाही. शेजारी आपली चिठ्ठी डकवतो: माझ्या मते हे झाड अमुक, खाली सही आणि तारीख. जुनी चिठ्ठी कुणी काढायची नाही. त्यामुळे शंभर शंभर वर्षांची भांडणं एकाच कागदावर गुण्यागोविंदाने नांदत असतात. फक्त चिठ्ठी डकवायचा अधिकार तज्ज्ञांचा. चिकटवणाऱ्या बाईने चिकटवायचं.

तर एके दिवशी माझ्या टेबलावर एक जुना गठ्ठा आला. त्या विद्यापीठातले एक प्राध्यापक तरुणपणी पश्चिम ऑस्ट्रेलियात फिरून आले होते. त्यांनी आणलेल्या फांद्या त्यांच्या पश्चात तशाच वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या राहिल्या होत्या. उघडल्या तर ग्रेव्हिलिया. मला हसूच आलं. आपल्याकडे ज्याला सगळे सिल्व्हर ओक म्हणतात, तो ग्रेव्हिलियाच. कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजात फाटकापासून ऑफिसपर्यंत दोन्ही बाजूंनी सिल्व्हर ओक होते. मार्चमध्ये त्यांना सोनेरी फुलांचे कंगवे यायचे आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला हमखास तेच फूल ठेवलेलं असायचं. एकीला आलं नाही म्हणून ती वर्गाबाहेर रडली होती. मला आलं होतं. चार पाकळ्यांसारखे भाग आधी एकमेकांना चिकटलेले, मग सुटून मागे गुंडाळलेले, आणि मधून आकड्यासारखा वाकलेला लांब कुक्षीवृंत, ज्याच्या टोकावर फूल उमलायच्या आधीच परागकण लावून ठेवलेले असतात. एवढं शिकून मी पुढे तीस वर्षं पुस्तकं लावली होती.

गठ्ठ्यातलं ते झाड म्हणजे मात्र सिल्व्हर ओकसारखा उंच वृक्ष नव्हता. कमरेएवढं झुडूप असावं. पानं सुईसारखी, कडा आत वळलेल्या, फुलं करड्या गुलाबी रंगाची. एकूण अकरा फांद्या. सगळ्यांवर एकाच, माहीत असलेल्या प्रजातीचं नाव. चिकटवता चिकटवता माझ्या लक्षात आलं की अकरांपैकी चार फांद्या बाकीच्यांसारख्या दिसत नाहीत. का दिसत नाहीत, ते सांगता येईना. भाजीवाल्याने मेथीच्या जुडीत दुसरंच काही घातलं तर हाताला कळतं, डोळ्यांना नंतर कळतं. तसं झालं.

मी क्युरेटरकडून सूक्ष्मदर्शक वापरायची परवानगी मागितली. त्याने आनंदाने दिली. पाकिटातलं एक वाळकं फूल कपातल्या गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून भिजत घातलं. अर्ध्या तासात ते जिवंत असल्यासारखं मऊ होतं. मग सुईने उघडलं. सात फांद्यांच्या फुलांत अंडाशय गुळगुळीत होता आणि पाकळ्यांच्या आतल्या अंगाला दाढी, म्हणजे केसांचा झुपका, होती. चार फांद्यांच्या फुलांत दाढी नव्हती आणि अंडाशयावर रेशमी लव होती. ग्रेव्हिलियाची लव मोठी मजेदार असते. प्रत्येक केस कावडीसारखा मध्ये टेकलेला आणि दोन्हीकडे टोकं. या चार फांद्यांवर मात्र कावडीची एक बाजू आखूड, एक लांब. सगळ्या पानांवर, सगळ्या देठांवर तसंच. मी दुपारभर बघत होते. डबा खायचा राहिला.

घरी जाऊन दोनशेपानी वही काढली आणि लिहायला लागले. मराठीत. इंग्रजीत लिहिताना मी आधी वाक्य बरोबर आहे का ते बघते, मराठीत लिहिताना झाड बघते. लांबी, रुंदी, लव कुठे दाट, कुठे विरळ, देठ कसा जोडलेला, सगळं. आकृत्या पेन्सिलीने. अशा सहा वह्या भरल्या, त्याला चार वर्षं लागली.

पहिल्या वर्षी क्युरेटर म्हणाला, हे साधं व्हेरिएशन आहे, माणसांत नसतो का फरक. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाला. तो दुष्ट माणूस नाही. पन्नाशीचा, हसरा, माझ्या वाढदिवसाला केक आणणारा. पण मी काही सांगायला गेले की मान हलवत हलवत ऐकायचा, आणि त्याची मान किती जोरात हलते यावरून मला कळायचं की तो ऐकत नाही. मी काही मूग गिळून बसले नाही. त्याच्या मागे लागून ऑस्ट्रेलियातल्या एका हर्बेरियमला पत्र पाठवायला लावलं. तिथून त्यांचे सात कागद अभ्यासाला आले. मी त्याच्यासमोर फुलं भिजवली, उघडली, आणि उठून त्याला माझ्या स्टुलावर बसवलं. तिथेही दोन कागदांवर आखूड-लांब कावड, दाढी नाही, लव आहे. तो बराच वेळ वर बघेना. मग म्हणाला, "हं." चार वर्षांत मला त्याच्याकडून मिळालेलं सगळ्यांत मोठं सर्टिफिकेट ते.

त्यानंतर गाडी जोरात सुटली. त्याने माझी वर्णनं मागितली, मी वह्यांवरून इंग्रजीत टाइप करून दिली, आकृत्या स्कॅन करून दिल्या. ऑस्ट्रेलियातला एक वनस्पतिशास्त्रज्ञ लेबलवरच्या ठिकाणी गाडी घेऊन गेला, तर रस्त्याकडेच्या पट्ट्यात ती झुडपं अजून उभी. त्याने फोटो पाठवले. मी चार वर्षं ज्याचं वाळकं फूल पाण्यात भिजवत होते ते पहिल्यांदाच ओलं, उन्हात, मधमाशीसकट बघितलं आणि मला रडू आलं. तिथल्या मूळच्या लोकांचं त्या झुडपाला स्वतःचं नाव असणारच, असंही मनात आलं. तसं मी क्युरेटरला विचारलं, तर म्हणाला, चांगला मुद्दा आहे. पुढे काही झालं नाही.

एका गुरुवारी मी गेले तर माझ्या चार कागदांवर नव्या चिठ्ठ्या होत्या. "नवी प्रजाती", आणि खाली त्याची सही. डिंक माझ्याच बाटलीतला. मला टोचलं. पण माझ्या आतली कोल्हापूरची शहाणी मुलगी म्हणाली, तो तज्ज्ञ आहे, पद्धत आहे. त्या मुलीला मी अजून माफ केलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने मला कॉफी रूममध्ये बोलावलं. ऑस्ट्रेलियाचा माणूस व्हिडिओवर होता. दोघंही हसत होते. क्युरेटर म्हणाला, "आम्ही ठरवलं आहे, या झुडपाला तुमचं नाव द्यायचं." माझ्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून त्याने ते उच्चारूनही दाखवलं. खोटं कशाला बोलू, मला आकाश ठेंगणं झालं. दीड तासाचा रस्ता कसा गेला कळलं नाही. घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि फोन उचलला. रात्रीच्या जेवणाआधी नाशिकला दिराकडे, न्यू जर्सीत पार्सिपनीला मुलीकडे आणि मंडळाच्या अध्यक्षांकडे बातमी पोचली होती.

दोन दिवसांनी निबंधाचा मसुदा ईमेलने आला. वर लेखकांची दोन नावं, क्युरेटर आणि ऑस्ट्रेलियाचा माणूस. आत वर्णन. मी पहिली ओळ वाचली आणि ओळखली. माझी. दुसरी माझी. कावडीला त्याने "असमान भुजांचे केस" केलं होतं, एवढाच बदल. आकृत्या माझ्या. शेवटी आभार होते, त्यात तिसऱ्या ओळीत मी: नमुने काळजीपूर्वक चिकटवल्याबद्दल आणि प्राथमिक रेखाटनांबद्दल.

मंगळवारी विचारलं. मी लेखकांत का नाही? त्याला खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाला, "तुम्ही कशा असाल? झाडाला तुमचं नाव आहे ना. लेखक स्वतःचं नाव स्वतःच झाडाला देत नाही. तसं करणं फार वाईट दिसतं. हे त्याहून मोठं आहे. हे कायमचं आहे."

आता ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मंडळातल्या कुणालाच ती माहीत नव्हती. झाडाच्या शास्त्रीय नावानंतर, बारीक अक्षरात, ज्याने त्याचं पहिलं वर्णन केलं त्याचं नाव लिहितात. दोनशे वर्षांनीही लिहितात. झाडाला ज्याचं नाव मिळतं तो कुणीही असू शकतो. राणी, सेनापती, बागेला देणगी देणारा शेठ. ग्रेव्हिलिया हा शब्दसुद्धा एका इंग्रज उमरावाच्या नावावरून आलेला आहे. त्याला झाड ओळखता यायची अट नसते. अट असते ती मागच्या बारीक अक्षरांतल्या माणसाला. त्याने ते झाड बघितलेलं असावं लागतं. मला मिळत होती उमरावाची जागा, आणि ती घेतली की बघणाऱ्याची जागा आपोआप दुसऱ्याची. तेही पुन्हा रीतीला धरून. इतक्या गोडीने माझं काम माझ्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं.

क्युरेटरने हे ठरवून केलं का, असं मला नवऱ्याने विचारलं. नाही, ठरवून नाही केलं. मी वर्णन लिहू शकते हे त्याला दिसलंच नव्हतं. त्याच्या डोक्यात मी चिकटवणारी होते, आणि चिकटवणारीला द्यायला त्याच्याकडचं सगळ्यांत मोठं बक्षीस त्याने काढलं होतं. ठरवून केलं असतं तर मला राग कमी आला असता.

घरी मात्र माझी बाजू कुणाला पटेना. नवरा म्हणाला, "अगं, आपलं आडनाव झाडाला लागतंय, आणखी काय हवं?" आपलं, म्हणजे त्याचं, हे त्याच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही त्या वेळी नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, इट्स अ ह्यूज ऑनर. जस्ट टेक द विन. एव्हरीथिंग डझन्ट हॅव टु बी अ फाइट." मी म्हटलं, तू ऑफिसात केलेल्या प्रेझेंटेशनवर दुसऱ्याचं नाव घातलं आणि तुझा फोटो लॉबीत लावला तर घेशील का विन? ती म्हणाली, "दॅट्स नॉट द सेम." पण आवाज उतरला होता.

तोवर मंडळाच्या अध्यक्षांनी कामाला हात घातला होता. त्यांना सगळे काका म्हणतात. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, पण मीही काकाच म्हणते. मोठे उत्साही. त्यांनी गणपतीच्या स्मरणिकेत माझा फोटो, त्या झुडपाचा फोटो आणि ते लॅटिन नाव ठळक अक्षरांत छापून टाकलं. वर स्वतः फोन करून क्युरेटरला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मला कळलं तेव्हा स्मरणिका छापून आल्या होत्या. मी म्हटलं, "काका, ते नाव अजून कुठेच प्रसिद्ध झालेलं नाही, असं आधी छापत नाहीत." काका म्हणाले, "अहो, आपल्या मंडळाने फर्स्ट अनाउन्स केलं, हीच तर मजा. कॅन्सल बिन्सल करायचं नाही आता, आय अ‍ॅम टेलिंग यू."

रविवारी सकाळी शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. क्युरेटर वेळेवर आला. त्याला गुलाबी फेटा बांधला. त्याने मोदक काट्याने खाल्ला आणि दुसरा मागून घेतला. आरती झाली, मुलींचं लेझीम झालं, आणि मला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. काकांनी ते लॅटिन नाव तीन वेळा घेतलं, तिन्ही वेळा वेगवेगळं. मग माइक माझ्या हातात दिला.

मी शाल काढली. घडी घातली, टेबलावर ठेवली. मी इंग्रजीत बोलायचं ठरवून गेले होते, क्युरेटरला कळावं म्हणून. पण तोंड उघडलं तर मराठीच आलं. म्हटलं, "ज्या नावामागे छापलेलं वर्णन नाही, त्याला आमच्या शास्त्रात नागडं नाव म्हणतात. स्मरणिकेत छापलंय ते नागडं नाव आहे. त्याचं वर्णन मी केलंय, चार वर्षं बसून. त्या वर्णनावर माझं नाव नसेल, तर झाडाला माझं नाव मला नको. ही शाल मी घेत नाही. सत्कार करायचाच असेल तर वर्णन छापून आल्यावर करा."

गणपतीसमोर नागडं म्हटल्यावर मागे कुणीतरी फिसकन हसलं. आणि मग हॉलभर टाळ्या. काकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "बघा, केवढा हा विनय." पहिल्या रांगेत गुलाबी फेट्यातला क्युरेटर, एक अक्षर न कळता, उभा राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. नवऱ्याला मात्र कळलं होतं. तो टाळ्या वाजवत नव्हता.

विनय. माझ्यावर आयुष्यात इतका खोटा आळ कुणी घेतला नव्हता.

मंगळवारी मी सहाही वह्या पिशवीत घालून नेल्या आणि त्याच्या टेबलावर ठेवल्या. या वेळी इंग्रजीत बोलले, सावकाश. म्हटलं, हॉलमध्ये तुम्ही कशाला टाळ्या वाजवल्या ते सांगते. सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्याने एक वही उघडली, दुसरी उघडली.

"मला हे वाचता येत नाही," तो म्हणाला.

"मला येतं," मी म्हटलं, आणि त्याचा मसुदा समोर ठेवून वहीतलं एकेक वाक्य वाचत गेले. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग त्याच्या मसुद्यातली ओळ बोटाने दाखवली. पान, देठ, फुलोरा, पाकळ्या. अंडाशयापर्यंत आल्यावर तो म्हणाला, पुरे.

मी म्हटलं, "झाड तुमचं आहे, कागद विद्यापीठाचे आहेत. वर्णन आणि आकृत्या माझ्या आहेत. त्या मी परत घेते. तुम्ही स्वतः बसा, फुलं भिजवा, मोजा, लिहा. माझी हरकत नाही."

"मला वर्ष लागेल."

"मला चार लागली."

त्याने बराच वेळ पेनची उघडझाप केली. मग म्हणाला, "तुम्ही काय सोडताय ते कळतंय ना? झाडाला तुमचं नाव. आपण सगळे गेल्यावरही राहील." मी म्हटलं, कळतंय. तो म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल." मी म्हटलं, झाला होता, दोन दिवस. त्याने मग तोडगा काढला: नावही तुमचं ठेवू, आणि तिसरी लेखक म्हणून तुम्हालाही घेऊ, लोक हसले तर हसू देत. म्हणजे मी स्वतःच्या गळ्यात स्वतः हार घालणारी ठरणार, आणि तीही तिसऱ्या नंबरची. मी नाही म्हटलं आणि जाऊन माझ्या टेबलावर बसले. दुसरा एक गठ्ठा पडला होता, तो चिकटवायला घेतला.

तीन आठवडे असे गेले. मी मंगळवार चुकवला नाही, गुरुवार चुकवला नाही. नाकावर टिच्चून जात होते. तोही येत-जात होता, गुड मॉर्निंग म्हणत होता. घरी नवरा जेवढ्यास तेवढं बोलत होता, कारण नाशिकला त्याचा भाऊ रोज विचारत होता. मंडळाच्या बायका दुकानात भेटल्या की मला मन मोठं करायला सांगत होत्या. झोप लागत नव्हती, हेही लिहिते. आपण मूर्खपणा केला असं एकदा नाही, अनेकदा वाटलं. झाडाला आपलं नाव असणं ही काय वाईट गोष्ट आहे? पण मग डोळ्यांपुढे ती आभारातली तिसरी ओळ यायची.

चौथ्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला. त्याने ऑस्ट्रेलियाच्या माणसाला सगळं कळवलं होतं. त्या माणसाचं उत्तर दोन ओळींचं होतं, ते त्याने मला वाचायला दिलं. वर्णन ज्याने लिहिलं त्याचं नाव पहिलं असायला हवं, मला वाटलं होतं ते तूच लिहिलंस. क्युरेटर म्हणाला, "पहिलं नाव तुमचं. झाडाचं नाव केसांवरून ठेवू, असमान भुजांचं. चालेल?" मी म्हटलं, चालेल. त्याने एक फॉर्म पुढे केला. लेखकाचं नाव प्रसिद्ध करताना कसं लिहायचं, ते एकदाच ठरवायचं असतं. पुढे जगभर, प्रत्येक यादीत, तसंच राहतं.

मी पेन उघडलं आणि थांबले.

माझं लग्न झालं तेव्हा आमच्यात पद्धत होती. ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, पण पहिलं नावही. मला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी निवडलेलं होतं, ह्यांनी लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. मीही लाजून खाली बघितलं. पुढे पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड, लायब्ररीतला बिल्ला, सगळं त्या तांदळातल्या नावाने. झाडाला जे नाव मिळणार होतं तेही त्या घराचं. आणि एम.एस्सी.च्या सर्टिफिकेटवर, सिल्व्हर ओकचं फूल ओळखलेल्या पेपरवर, दुसरीच एक मुलगी होती. फूल उघडून बघायला शिकली होती ती. मी फॉर्मवर तिचं नाव लिहिलं. पहिलंही, आडनावही. क्युरेटरने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि या खेपेला मान हलवली नाही. स्पेलिंग तेवढं दोनदा विचारून घेतलं.

निबंध थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आला. मुलगी पार्सिपनीहून आली होती. मी छापून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. नवरा समोर बसून मटार सोलत होता. तिने उचलून आधी फोटो बघितले, आकृत्या बघितल्या, "आई, दीज आर गॉर्जस" म्हणाली, आणि मग वरच्या नावावर थांबली.

"हू इज धिस?"

नवऱ्याचा हात थांबला.

"मी," मी म्हटलं.

ती चाळीस वर्षांची आहे. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे. तो म्हणाला, "तिचंच आहे. लग्नाआधीचं." आणि मान खाली घालून परत शेंगा सोलायला लागला.

"नोबडी एव्हर टोल्ड मी," ती म्हणाली. मग तिने कागद जवळ धरला आणि ते नाव मोठ्याने वाचलं. उच्चार चुकला. मी तिला परत वाचायला लावलं, परत चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला.